गाडीत बसलेला बैल

नवं बोरटेक, ता. राहुरी
६ ऑगस्ट १९७१

पुंजा,

आक्काचा आशीर्वाद. थोरल्या बहिनीनं आधी धाकट्याची खुशाली पुसावी. पुसली असं समज. मी बोलते तशी लिहिते. चौथीच्या पुढं शाळा बघितली न्हाई, तवा हसू नकोस.

तू शेवटचा आलास तो यांच्या दहाव्याला. तवा आपलं जुनं गाव हुतं. आता तिथं धरनाचं पानी हाय. निम्मं गाव उठून ह्या काठाला आलं, निम्मं पल्याड चिंचबनाच्या माळावर गेलं. जमीन जिथं मिळाली तिथं मानूस गेला. माझी पिठाची गिरणी ह्या काठाला, आनि आपली चांगुणा दिली ते घर त्या काठाला. लगीन केलं तवा मधी नुसती नदी हुती, उन्हाळ्यात घोट्याएवढी. लेक हाकेवर दिली म्हनून मी मिरवत हुते. आता मधी दीड मैल पानी, आनि गाडीरस्त्यानं फिरून गेलं तर सोळा मैल.

मागल्या भाद्रपदात काय झालं ते तुला कळवलं हुतं. चांगुणा दोन दिवस अडली. मी उशाशी बसून, कळशीत घरनं नेलेलं पानी पिऊन. लेकीला लेकरू होईस्तवर आईनं तिच्या घरच्या पान्याला तोंड लावायचं न्हाई, ही आपली रीत. तिसऱ्या दिशी तिला गाडीत घालून ह्या काठाच्या दवाखान्याकडं निघालो. सोळा मैलांत लेकरू गेलं. तवापास्नं माझ्या डोक्यात एकच किडा हाय, पान्यावरनं वाट करायची.

तिसगावचा गहिनीनाथ धरनाच्या कामावर वेल्डिंगला आल्ता, तो इथंच ऱ्हायला. त्यानं डांबराच्या मोकळ्या पिंपांचा तराफा केलाय. सोळा पिंपं दोन रांगांत, वर फळ्या. त्याच्यावर इंजिन बसवायचं, इंजिनाला पट्टा, पट्ट्यानं दांडा फिरायचा आनि दांड्याच्या टोकाला पान्यात पंखा. दांडा नागापूरला लेथवर कातून आनला. आता पंखा तेवढा पायजे. तो इथं मिळत न्हाई. मी गहिनीनाथला म्हनलं, माझा भाऊ माझगावच्या गोदीत फिटर हाय. त्याला नुसतं कळवायची खोटी.

तवा कळवलं. दमले रे पुंजा. लवकर कर.

तुझी आक्का


मुंबई
१९ ऑगस्ट १९७१

ती. आक्कास,

पुंजारामनं इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय.

पत्र मिळालं. बरोबर माणसाला विचारलंस. पंखे म्हणजे आमचं रोजचंच काम. कालच एका आगबोटीचा पंखा बघितला, आपल्या जुन्या घराच्या दारात मावला नसता.

पण पंखा नुसता "एक द्या" म्हणून मिळत नाही. त्याला दोन मापं असतात. एक घेर. दुसरा पीळ. पीळ म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढं घुसतो ते, स्क्रू लाकडात घुसतो तसा. कमी पिळाचा पंखा सावकाश पण जोरानं ढकलतो, जास्त पिळाचा पळवतो. म्हणून चार गोष्टी कळव. इंजिन किती ताकदीचं. मिनिटाला फेरे किती. ओझं किती. आणि किती लवकर जायचंय.

दारूखान्यात जुन्या बोटी मोडून विकणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथं मिळून जाईल. रविवारी जातो. इतर दिवशी अंगात त्राण राहत नाही. खोलीत आम्ही सातजण झोपतो, कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. डाव्या कानानं आताशा कमी ऐकू येतं. मशिनींचा आवाज, दुसरं काय.

एक विचारू? या वयात तुला बोट हाकायची हौस कुठून आली? काठावरच्या चारचौघांनी मिळून करायची गोष्ट ती.

तुझा
पुंजाराम


नवं बोरटेक
३० ऑगस्ट १९७१

पुंजा,

हौस म्हन. गावात समदे तेच म्हनतात. चारचौघं मिळून गेलं सालभर नुसता इचार करतायत, आनि तालुक्याला अर्ज देऊन आलेत दोनदा. अर्जावर बसून पल्याड जाता येत न्हाई.

तुझ्या चार गोष्टी. इंजिन दहा घोड्यांचं. फेरे साडेआठशे, पाटीवर तसं लिवलंय. ओझं म्हनशील तर पाच मान्सं आनि एक बाज. किती लवकर, तर जेवढं लवकर तेवढं.

बाज कशाला ते पुसू नको. कायकाय गोष्टी आधी बोलायच्या नसतात.

चांगुणाचा नवरा गोरक्ष दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचा. मंग त्या घरात ती आनि तिची सासू झुंबरबाई दोघीच. झुंबरबाई वाईट न्हाई, पर तिच्या तोंडात "आमच्यात असं न्हाई" ह्याच्याबिगर दुसरं वाक्य न्हाई.

कान डाक्टरला दाखव. खोबरेल सोडून बघ.

आक्का


मुंबई
२४ सप्टेंबर १९७१

ती. आक्कास नमस्कार.

आक्का, तुझं काम झालं, आणि असं झालं की तू बघतच राहशील.

तीन रविवार हिंडलो. शेवटी एका साहेबाच्या लाँचचा पंखा गवसला. लखलखीत पितळ, तीन पाती, घेर दहा इंच आणि पीळ चौदा. दुकानदार म्हणाला, ही लाँच समुद्रात बाणासारखी जायची. पाच माणसं आणि एक बाज, हे काय ओझं झालं? तुला लवकर जायचंय, मग हाच. दुकानातला म्हातारा मालक काहीतरी पुटपुटत होता, पण मी म्हटलं, शेठ, मी फिटर आहे, मला शिकवू नका.

एस.टी.च्या पार्सलानं राहुरीला पाठवलाय. गोणपाटात बांधलाय, पात्यांना धार आहे, हात जपून घाल. गावातल्या लोकांना सांग, पुंजारामनं स्वतः निवडून पाठवला म्हणून. तेवढंच जरा बरं वाटतं.

तुझा
पुंजाराम


नवं बोरटेक
२४ ऑक्टोबर १९७१

पुंजा,

भाऊबीजेला भाऊ आला न्हाई. भावाचा पंखा घरात हुता, त्यालाच ओवाळलं. कुंकू लावलं, पात्याखाली तांदूळ ठेवले. मंग तराफा पान्यात घातला.

आता ऐक. गहिनीनाथनं हँडल मारलं, इंजिन लागलं, मी पट्टा चढवला. मागं पान्याचा असला फेस झाला की ताक घुसळावं. फेस बघून काठावरच्या मान्सांनी टाळ्या वाजवल्या. आनि तराफा? गाभन म्हशीवानी जागच्या जागी डुलतोय. वारा पाठीचा हुता म्हनून कसंबसं अर्ध्या पान्यात गेलो. तिथं इंजिनानं काळा धूर ओकला, धाप लागल्यागत दोनदा खोकलं आनि बसलं. मंग वारा फिरला आनि त्यानं पार ह्याच काठाच्या पाणकणसात नेऊन घातलं. गहिनीनाथ दोर कमरेला बांधून पोहत काठाला गेला आनि चार बैलांनी आमाला वढून काढलं. पान्यातली बोट बैलांनी वढली पुंजा! लोकं अजून हसतायत. काकासाहेब पाटील रोज सकाळी इचारतात, आक्काबाई, आज बैलांना सुट्टी का?

हसू दे. मला त्याचं काय न्हाई. मला रडू येतंय ते दुसऱ्यासाठी.

चांगुणाला सातवा महिना लागलाय. आधी सांगितलं न्हाई, कारन मागल्या येळेला समद्यांना हौसेनं सांगत सुटले हुते आनि काय झालं ते बघितलं. म्हनून बाज. पौषात तिचे दिवस भरतात. त्याच्या आधी तिला बाजेवर घालून माहेरी आनायची, दवाखान्याच्या दाराशी. दुसऱ्यांदा त्या सोळा मैलांत मी तिला घालनार न्हाई.

आनिक एक लपवलं ते बी सांगते. इंजिन नवं न्हाई. गिरणीचंच काढून तराफ्यावर घातलंय. गिरणी बंद हाय दोन महिनं. घरापुरतं मी जात्यावर दळते. खांदे भरून येतात आनि पहाटे हात वर हुत न्हाई.

तू फिटर. मंग असं कसं झालं?

आक्का


मुंबई
९ नोव्हेंबर १९७१

ती. आक्का,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

आक्का, मी फिटर नाही. कधीच नव्हतो. बोट कोरड्या गोदीत आली की तिच्या पोटाला चिकटलेला गंज नि शिंपले हातोडीनं ठोकून काढायचे, ते माझं काम. बावीस वर्षं झाली. दिवसभर लोखंडावर ठोकाठोक, म्हणून कान गेला. पहिल्यांदा गावी आलो तेव्हा आपल्या आबांनी दहा माणसांत विचारलं, काय काम करतोस, आणि तोंडातून फिटर निघून गेलं. पुढं ते परत घेता आलं नाही. दाजींनीसुद्धा त्यावर विश्वास ठेवून मला गिरणीचं मशीन दाखवलं होतं, मी नुसती मान डोलावली होती. पंख्यांचं जे तुला लिहिलं ते सगळं फिटर लोकांच्या तोंडून ऐकलेलं.

चांगुणाच्या जिवाचं काम आणि मी त्यावर फुशारकी मारली. तू माझं तोंड बघणार नाहीस तरी चालेल.

रविवारी पुन्हा दारूखान्यात गेलो आणि त्या म्हाताऱ्या मालकाला सगळं खरं सांगितलं. बोहरी माणूस, सत्तरी ओलांडलेली. त्यानं विचारलं, तराफ्याचं ओझं किती? म्हटलं, पाच माणसं आणि एक बाज. म्हणाला, आणि इंजिन? म्हटलं, ते धरलंच नाही. तो म्हणाला, अरे भल्या माणसा, इंजिन काय पाण्यावरून चालत येतं? पिंपं किती, फळ्या किती, इंजिन किती, पाणी गोडं की खारं, सगळं कळव. तोवर मी एकही पंखा विकणार नाही.

पाया पडतो, एवढं कळव.

पुंजाराम


नवं बोरटेक
२० नोव्हेंबर १९७१

पुंजा येड्या,

तू फिटर न्हाईस हे मला यांच्या दहाव्यापास्नं ठावं हाय. तू पंगतीत बसला हुतास आनि मी वाढत हुते. इंजिनाशी काम करनाऱ्याची नखं काळी असतात, यांची जन्मभर हुती. तुझ्या नखांत तांबडं हुतं, गंजाचं. यांना बी कळलं असंल, पर ते कधी बोलले न्हाईत. मंग तुझ्याकडंच का पंखा मागितला म्हनशील, तर दुसरं कोन हाय मला मुंबईत? आनि मला वाटलं, गंज काढनारा झाला म्हनून काय झालं, बावीस वर्सं बोटीच्या खाली ऱ्हातो, त्याला वरच्यापेक्षा जास्त दिसत असंल.

तवा तोंड बघनार न्हाई वगैरे सोड. चूक एकट्या तुझी न्हाई. तुझ्या म्हाताऱ्यानं बरूबर जागी बोट ठेवलं. ओझं पुसलंस तवा मी पाच मान्सं आनि बाज सांगितली, आनि गहिनीनाथ शेजारी बसून मान हालवत हुता. आमाला दोघांना वाटलं इंजिन म्हंजे बैल. गाडीत किती भरलं ते इचारलं तर बैलाचं वजन कोन धरतं? बैल आपल्या पायांनी चालतो. पान्यात तसं न्हाई, हे कालपरवा डोक्यात शिरलं. हितं बैलच गाडीत बसलाय. आनि गाडीत समद्यांत जड तोच हाय.

आता नीट लिहून घे. इंजिन दोन चाकांसकट साडेपाच क्विंटल, आनलं तवाच्या कागदावर हाय. पिंपं, फळ्या, लोखंड मिळून गहिनीनाथ म्हनतो आठ क्विंटल. मान्सं पाच, बाज एक, डिझेलचा डबा, आनि मी बारीक न्हाई. पानी गोडं. गोडं म्हनायचं, आपलं गाव त्याच्या खाली हाय.

फेरे कमी करायचे असतील तर ते माझ्याकडं सोड. जातं जड झालं की दांड्यावर मोठी पुली चढवायची, फेरे निम्मे हुतात आनि जोर वाढतो. गिरणीवालीला हे शिकवायला मुंबई लागत न्हाई.

पळनारा बैल नको. वढनारा पाठीव.

आक्का


मुंबई
१९ डिसेंबर १९७१

ती. आक्का,

उशीर झाला. लढाई लागल्यापासून गोदीत कुणाला हलू देत नव्हते. रविवारची सुट्टी गेली, दारूखाना बंद, काचांना काळे कागद. परवा लढाई संपली आणि मी पहिला तिकडं पळालो.

तुझं पत्र म्हाताऱ्या शेठला वाचून दाखवलं. बैल गाडीत बसलाय हे ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग उठला, काठी टेकत मागच्या वखारीत गेला आणि भंगारातून बोटानं दाखवलं, हा. माल वाहणाऱ्या मोडक्या बार्जचा पंखा आहे. चार पाती, रुंद, म्हशीच्या कानासारखी. घेर वीस इंच आणि पीळ बाराच. काळाठिक्कर पडलाय, दिसायला काही नाही. शेठ म्हणाला, तुझ्या बहिणीला सांग, घेर मोठा नि पीळ कमी, हा कधी पळणार नाही आणि कधी थांबणारही नाही. फेरे चारशेच्या वर नेऊ नकोस, मोठी पुली लाव.

त्याच्यावरचा गंज मी स्वतः काढला. दोन दिवस लागले. ते काम मला येतं.

रेल्वेनं राहुरी स्टेशनला पाठवलाय. पोचला की कार्ड टाक. चांगुणाचा आठवा संपत आला असेल. मला रजा नाही, नाहीतर मीच खांद्यावर घेऊन आलो असतो. झोप येत नाही.

पुंजाराम


नवं बोरटेक
२ जानेवारी १९७२

पुंजा,

पंखा पोचला. बसवला. चालला.

पर कसा चालला ते ऐक. पट्टा चढवला, इंजिन जराबी कण्हलं न्हाई, काळा धूर न्हाई, फेस न्हाई. तराफा मुकाट्यानं निघाला, आनि निघाला तो पल्याड जायच्या ऐवजी मागं! बायडाबाईची म्हैस पान्यात बसली हुती, ती उठून पळाली, आनि आमी चिखलात. काकासाहेब पाटील टाळ्या वाजवत म्हनले, आक्काबाई, बैल गोठ्याकडं वढतोय.

गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. म्हनला, पंखा उलट्या अंगाचा हाय, परत धाडावा लागतोय. मी चिखलात बसले आनि खरं सांगते पुंजा, रडले. चांगुणाला नववा लागलाय आनि मी पंखे धाडत बसू? मंग रडता रडता पट्ट्याकडं लक्ष गेलं. यांनी एकदा मिरची कांडायचं मशीन जोडलं हुतं, ते उलटं फिरायचं. तवा यांनी काय केलं? पट्ट्याला एक पीळ घातला, आठाच्या आकड्यासारखा. पट्टा पिळून घातला की पल्याडची पुली उलटी फिरते. उठले, पट्टा उतरवला, पीळ दिला, चढवला. तराफा सरळ पुढं गेला. पाऊन तासात चिंचबन. काठावर कोनी हसलं न्हाई, काकासाहेब बी न्हाई.

पिळाचा पट्टा मधी घासतो, तेवढा एक दोष हाय. आनि घसरू नये म्हनून राळ लावत ऱ्हायचं.

आता पुढचं. चांगुणाला आनायला गेले तर झुंबरबाई दारात उभी. म्हनली, इहीनबाई, पोटुशी बाई पानी वलांडत न्हाई. आमच्यात असं न्हाई. मी म्हनलं, ही नदी न्हाई, धरन हाय. म्हनली, खाली नदीच हाय. मागल्या साली गाडीतनं नेलं तवा मी सांगितलं म्हनून तिनं सोडली आनि लेकरू गेलं. आता ती घट्ट झालीय, आनि तिच्या जागी मी असते तर मी बी झाले असते. हात जोडले, पाया पडले, न्हाई म्हंजे न्हाई. चांगुणा आत बसून समदं ऐकत हुती.

एवढं मातूर कबूल करून घेतलं. कळा लागल्या की झुंबरबाईनं आपलं तांबडं लुगडं काठावरच्या बाभळीवर टाकायचं. ते दिसलं की मी दवाखान्यातल्या नर्सबाईला तराफ्यावर घालून नेनार. लेक पानी वलांडत न्हाई तर दवाखाना वलांडंल.

निघताना झुंबरबाईनं पान्याचा तांब्या पुढं केला. मी हात लावला, नमस्कार केला, ठेवला. तिनं बी आग्रह केला न्हाई. येताना पान्याच्या मधोमध तहानेनं जीव गेला.

आक्का


मुंबई
९ जानेवारी १९७२

आक्का,

नुसतं कार्ड लिहितोय, उभ्यानंच.

शेठकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला, बार्जला दोन पंखे असतात, एक उजवीकडं फिरणारा नि एक डावीकडं. तुला डावा गेला, उजवा अजून इथंच पडलाय, घेऊन जा. मी विचारलं, पट्ट्याला पीळ दिला तर चालेल का? त्यानं विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, माझ्या बहिणीनं. म्हणाला, मग तिला सांग, मला विचारायची गरज नाही.

रोज सकाळी कामावर जाताना मला ती बाभळ दिसते. काही कळलं की तार कर.

पुंजाराम


चिंचबन
१८ जानेवारी १९७२

पुंजा,

तार करायला कोनाला येळ हुता? हे पत्र चांगुणाच्या घरातनं लिहिते, तिच्या सासऱ्याच्या जुन्या पेटीवर कागद ठेवून.

भोगीच्या दिशी मी बाजरी दळत हुते. बारा वाजले असतील. गहिनीनाथ वरडत आला, आक्का, तांबडं. बघितलं तर बाभळीवर लुगडं. पिठाच्या हातांनीच पळाले. नर्सबाई पुष्पावती जेवत हुती. तिला म्हनलं, बाई, तिळाची भाकर संगं घ्या आनि चला. तराफा बघून ती मागं सरली, म्हनली, मला पान्याची भीती वाटते. मी म्हनलं, मला बी वाटते, बसा.

वारा समोरचा हुता. लाटा फळ्यांवर येत हुत्या, पट्टा भिजला आनि अर्ध्या पान्यात पुलीवरनं घसरला. जिथं तुझा साहेबाचा पंखा बसला हुता, त्याच जागी. गहिनीनाथनं पट्टा कोरडा केला, मी चढवला, राळ लावली, परत घसरला. तिसऱ्या येळेला मी नर्सबाईच्या हातात राळेचा खडा दिला आनि म्हनलं, पट्टा फिरत असताना हा आतल्या अंगाला धरून ऱ्हायचं, हात मधी घालायचा न्हाई, आनि डोळं मिटायचं न्हाई. ती रडत हुती, जोतिबाचं नाव घेत हुती, पर खडा सोडला न्हाई. आनि पंखा, पुंजा, तो काय थांबला न्हाई. वाऱ्याच्या तोंडावर, एक लाट, दुसरी लाट, सावकाश, सावकाश. मला वाटत हुतं उतरावं आनि मागनं ढकलावं. पर गेला. वढत गेला.

आत गेलो तर चांगुणा निळी पडलेली. पोर पायाळू हुतं. मागलं बी तसंच पायांकडनं आलं असनार, तवा कोनाला कळलं? नर्सबाईनं पदर खोचला, मघाची रडनारी बाई ती हीच का असं वाटलं. झुंबरबाईला म्हनली, दार लावा आनि पानी तापवा. झुंबरबाईनं "आमच्यात असं न्हाई" म्हनायला तोंड उघडलं, आनि तशीच चुलीकडं वळली. मी बाहेर वसरीवर बसले. मला आत बसवेना. इंजिन थंड हुताना टकटक वाजत हुतं तेवढंच ऐकू येत हुतं.

दिवस कलताना रडन्याचा आवाज आला. मला वाटलं चांगुणाचा. न्हाई, बारीक हुता.

मुलगी हाय. चांगुणा बरी हाय. अशक्त हाय पर बरी हाय. गोरक्षला श्रीगोंद्याला निरोप धाडलाय.

हितं लोकं पुसतात, आक्काबाई, पंखा कोनी निवडला? मी सांगते, माझ्या भावानं. तो मुंबईत काय करतो? बोटींचा गंज काढतो. कोनी हसत न्हाई. काकासाहेब म्हनले, मंग त्याला बोलवा, आपन अजून एक तराफा करू. रजा मिळंल तवा ये. गिरणीचं इंजिन गिरणीला परत जायचंय, तवा दुसऱ्या इंजिनाचं बघावं लागंल. पर आता एक दोन दिवस मी काय बघनार न्हाई. बसून ऱ्हानार हाय.

आनि एक सांगायचं ऱ्हायलं. त्या सांजेला झुंबरबाई आतनं आली. लुगडं बाभळीवरनं कोनी काढलं नव्हतं, ती कुठलंतरी जुनेर नेसली हुती. हातात तांब्या. तो पुढं केला. धरनाचंच पानी, काठावरनं भरलेलं, आपली घरं ज्याच्याखाली गेली तेच. मी दोन्ही हातांनी घेतला आनि उभ्यानं प्याले. मंग म्हनलं, इहीनबाई, अजून एक आना.

तुझी आक्का